किती वेळा सांगायचं, ‘काही होणार नाही’?

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. पाच महिन्यांपूर्वी तिचे आजोबा झोपेतच गेले. तेव्हा ती फारशी रडली नाही, पण गेले दोन महिने तिला एकच घोर लागलाय. ‘आई, तुला काही होणार नाही ना?’ हा प्रश्न दिवसातून तीस-चाळीस वेळा येतो. मी दर वेळी जवळ घेऊन समजावते, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. रात्री ती माझ्याच शेजारी झोपते आणि मध्येच उठून माझ्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे का ते बघते. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखतं. महिन्याभरात सहा दिवस शाळा बुडाली, दोनदा शाळेतून फोन करून तिने मला बोलावून घेतलं. डॉक्टरांनी तपासून पोटात काही नाही असं सांगितलंय. तिचे बाबा म्हणतात, मी लाडावून ठेवलंय, ती नाटक करते. ते ओरडले की ती मला आणखी चिकटते. आमचं कुठे चुकतंय? तिला आणखी कसं समजावू? – एक आई

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू. आणखी समजावू नका. समजावणं कमी पडलंय म्हणून ती घाबरत नाहीये. तुम्ही दिवसाला चाळीस वेळा जे प्रेमाने करता, त्याच्याच आधारावर ही काळजी उभी आहे. यात तुमचा दोष नाही. रडवेल्या लेकराला ‘काही नाही होणार गं’ म्हणणं ही कुठल्याही आईची पहिली ऊर्मी असते, आणि साध्या भीतीला ती पुरते. इथे पुरत नाही, त्याचं कारण नीट समजून घ्या. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

तुमचं उत्तर तिला पटत नाही असं नाही. पटतं, पण पाच मिनिटांपुरतं. मनात भीती उठते, ती प्रश्न विचारते, तुम्ही उत्तर देता, छातीवरचं ओझं उतरतं. मेंदू या क्रमातून दोन गोष्टी शिकतो. एक, भीती गेली ती विचारल्यामुळे गेली. दोन, आई दर वेळी इतक्या गंभीरपणे उत्तर देते म्हणजे धोका खरोखरच असणार. खाजवल्यावर खाज थांबते आणि दुप्पट होऊन परत येते, तसंच हे. नाकापाशी बोट धरणं, पोट दुखलं म्हणून घरी राहणं, शाळेतून फोन करणं ही त्याच खाजवण्याची रूपं. प्रत्येक वेळी लगेच सुटका मिळते. पण सुटका न मिळताही भीती आपोआप ओसरते, हे कळायची संधी मात्र हुकते. तुम्ही तिला धीर देताय, आता तिला स्वतःचा धीर येऊ द्यायचा आहे.

आधी पोटाविषयी, कारण घरातला वाद तिथेच पेटलाय. तिच्या बाबांनाही हा भाग वाचायला द्या. ते दुखणं खरं आहे. आपली भाषाच पाहा : भीतीने पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, छातीत धडधडतं. यातला शब्द न् शब्द शरीरात घडत असतो. धोक्याची जाणीव झाली की अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदय जोरात पंप करतं, पळायला लागणाऱ्या मोठ्या स्नायूंकडे रक्त वळतं आणि पोटाकडचं कमी होतं, आतड्यांची हालचाल बिघडते. मग मळमळ, मुरडा, संडासची घाई. मूल ‘मला काळजी वाटते’ म्हणत नाही, ‘पोट दुखतंय’ म्हणतं, कारण त्याला जाणवतं ते पोटच. सुट्टीच्या दिवशी दुखत नाही आणि शाळेच्या दिवशी अकरा वाजता थांबतं, हा नाटकाचा पुरावा नाही. दुखणं भीतीशी जोडलेलं आहे याचा पुरावा आहे.

डॉक्टरांनी एकदा तपासलंय ते बरं झालं. दर आठवड्याला नव्याने तपासण्या करत बसू नका, त्यातून ‘माझ्या पोटात काहीतरी आहेच’ हा समज पक्का होतो. मात्र दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणं, वजन घटणं, ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, लघवीला जळजळ किंवा पोटाच्या एकाच ठरावीक जागी, विशेषतः उजव्या बाजूला खाली दुखणं, यांतलं काही दिसलं तर भीतीच्या नावावर खपवू नका, डॉक्टरांकडे न्या.

हे तिलाही सांगायचं आहे, तिच्या भाषेत. शाळा नसलेल्या दिवशी दुपारी, दोघींना निवांत वेळ असताना बसा. रात्री अंथरुणात हा विषय काढू नका, तेव्हा ती ऐकण्याच्या अवस्थेत नसते. कागदावर माणसाची बाह्यरेषा काढा आणि भीती वाटते तेव्हा कुठेकुठे काय होतं ते तिला रंगवायला सांगा. मग म्हणा, ‘आपल्या डोक्यात एक पहारेकरी असतो. तो चांगला आहे, पण आजोबा गेल्यापासून फार दचकलाय. पान हललं तरी चोर आला म्हणून शिट्टी फुंकतो. शिट्टी वाजली की पोटात गोळा येतो. शिट्टी खरी आहे, चोर नाही.’ पहारेकऱ्याला तिनेच नाव द्यावं. हा पोरखेळ वाटेल, पण त्याचा मोठा उपयोग असतो. ‘मी घाबरट आहे’ या जागी ‘पहारेकऱ्याने पुन्हा शिट्टी फुंकली’ असं म्हणता आलं की मूल आणि भीती यांच्यात हातभर अंतर पडतं. घरातल्या कुणीही, गमतीतसुद्धा, तिला घाबरट म्हणायचं नाही. तो शब्द अंगाला चिकटतो.

त्याच दुपारी मृत्यूबद्दल एकदा खरं बोला. ‘आजोबा झोपेत गेले’ हे मोठ्यांच्या कानांना सौम्य वाटतं. मुलाच्या मनात मात्र झोप आणि मरण यांची गाठ बसते. ती तुमच्या नाकापाशी बोट का धरते, याचं उत्तर बहुधा याच वाक्यात आहे. नऊ वर्षांच्या मुलाला मेलेलं माणूस परत येत नाही आणि सगळे कधीतरी मरतात, हे कळत असतं. त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगा : ‘आजोबांचं वय झालं होतं, त्यांचं शरीर थकलं होतं. त्यांचं हृदय बंद पडलं. तेव्हा ते झोपलेले होते, पण झोपेमुळे ते गेले नाहीत. झोपेत शरीर आराम करतं, हृदय आणि श्वास चालूच असतात.’ त्यांना नेमका जो आजार होता तोच सांगा. तो वेगळा असेल तर वाक्य बदला. आणि ‘तू मरणार का?’ याला ‘कधीच नाही’ हे उत्तर देऊ नका. ते खोटं आहे हे तिला माहीत आहे, आणि खोटं ऐकलं की ती आणखी खोदत राहते. ‘प्रत्येक माणूस कधीतरी मरतो. माझी तब्येत चांगली आहे, मी पुष्कळ वर्षं जगेन असं मला वाटतं. आणि काहीही झालं तरी तुझी काळजी घेणारी माणसं आहेत,’ असं म्हणून ती कोण, हे नावानिशी सांगा. हे उत्तर एकदाच, पूर्ण, तिच्या डोळ्यांत बघून द्यायचं. चाळिसाव्यांदा पुटपुटलेल्या उत्तरापेक्षा त्याला वजन असतं.

आता ते चाळीस प्रश्न. एका झटक्यात ‘आजपासून उत्तर नाही’ असं करू नका, तो तिला तुटलेपणा वाटेल. पहिले तीन दिवस काहीही न बदलता फक्त मोजा. ती दिवसात किती वेळा विचारते, कधी विचारते, हे एका कागदावर टिंबांनी मांडा. बहुतेक घरांत दोन गर्दीच्या वेळा दिसतात : निघायची घाई आणि निजायची वेळ. समजा संध्याकाळी सातपासून झोपेपर्यंत सोळा टिंबं पडली. मग तिला आठ चिठ्ठ्या द्या आणि समजावून सांगा, ‘तोच प्रश्न विचारायचा असेल तर एक चिठ्ठी द्यायची, मी एका वाक्यात उत्तर देईन. चिठ्ठ्या संपल्या की मी उत्तर देणार नाही, पण मी इथेच असेन.’ आठ चिठ्ठ्या चार संध्याकाळी लागोपाठ पुरल्या की सहा, मग चार, दोन, एक. गंमत म्हणजे मुलं शेवटची चिठ्ठी जपून ठेवू लागतात, आणि ती हातात असताना न विचारता राहता येतं हे त्यांचं त्यांनाच कळतं.

चिठ्ठ्या संपल्यावर ती विचारणारच. तेव्हा तुमच्या तोंडी ठरलेलं वाक्य हवं, नाहीतर सवयीने जुनंच निघेल. त्यात दोन भाग असू द्या, तिला वाटतंय ते मान्य करणारा आणि तिच्यावर विश्वास दाखवणारा. ‘तुला आत्ता खूप भीती वाटतेय, मला दिसतंय. आणि ही भीती तू निभावून नेशील, हेही मला माहीत आहे.’ बस्स. नुसता पहिला भाग बोललात तर भीतीला खतपाणी मिळतं. नुसता दुसरा बोललात तर ‘हिला काही कळतच नाही’ असं तिला वाटतं. जवळ घेणं, पाठीवर हात फिरवणं चालू ठेवा. माया बंद करायची नाही, फक्त हमी बंद करायची आहे. तिने पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, त्याच सुरात. तिसऱ्यांदा विचारलं तर ‘हा प्रश्न तुझा आहे की पहारेकऱ्याचा?’ एवढं म्हणून हातातलं काम पुढे चालू ठेवा.

इथे बहुतेक घरं ज्या जागी अडखळतात ती आधीच सांगून ठेवतो. पहिल्या काही दिवसांत प्रश्न कमी व्हायच्या ऐवजी वाढतील, रडारड होईल, ‘तुझं माझ्यावर प्रेमच नाही’ असंही ऐकावं लागेल. यावरून उपाय चुकला असं समजू नका. जे आजवर मागितलं की मिळत होतं ते मिळेनासं झालं की मूल आधी जोर लावतं. नेमक्या याच वेळी, विसाव्या प्रश्नाला थकून तुम्ही ‘नाही गं होणार काही!’ म्हणालात, तर ती शिकेल की एकोणीस वेळा नाही, वीस वेळा विचारावं लागतं. आणि आईने धरून ठेवलेलं बाबा किंवा आजी दुसऱ्या खोलीत देऊन टाकत असतील, तरी तोच परिणाम. म्हणून घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला तेच वाक्य पाठ असू द्या; कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिच्या बाबांना यात मोठं काम आहे. ओरडण्याने भीती जात नाही, आणखी एका भीतीची भर पडते, आणि मूल ज्या मांडीवर सुरक्षित वाटतं तिकडे धावतं. चिठ्ठ्यांचा हिशेब त्यांनीच ठेवावा. शांत सुरात, चेष्टा न करता. तुम्ही दोघं लाड विरुद्ध धाक अशी रस्सीखेच करत राहिलात, तर मधल्या मध्ये दोरी तीच होईल.

‘विचार करू नकोस’ हेही घरातून काढून टाका. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं, आणि अस्वल त्यांच्या मनात येतच राहिलं. विचाराला बंदी घालण्यापेक्षा वेळ नेमून देणं सोपं. रोज एकाच वेळी, झोपेच्या किमान दोन तास आधी, पंधरा मिनिटांची ‘काळजीची वेळ’ ठेवा. दिवसभर काही मनात आलं की तिने वहीत दोन शब्द लिहायचे आणि ‘हे संध्याकाळी’ म्हणून पुढे जायचं. संध्याकाळी वही उघडून तिच्याबरोबर प्रत्येक ओळीपुढे खूण करा : यावर काही करता येईल की नाही? ‘उद्या गणिताची परीक्षा’ यावर करता येतं. दहा मिनिटं उजळणी करा आणि ओळ खोडा. ‘आई मेली तर’ यावर आज करण्यासारखं काही नाही. तिथे फक्त ‘हा विचार आहे, बातमी नाही’ असं लिहायचं. कित्येक ओळी संध्याकाळपर्यंत शिळ्या झालेल्या असतात, आणि तिला ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. पंधरा मिनिटं झाली की वही बंद, आणि लगेच काहीतरी अंग हलवणारं : दोरीवरच्या उड्या, पकडापकडी, काहीही.

रात्रीचं थोडं सविस्तर सांगतो. मुलाने आईजवळ झोपण्यात स्वतःत काही गैर नाही, असंख्य घरांत मुलं तशीच झोपतात. अडचण ही आहे की तिला दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने झोपताच येत नाही आणि तुमच्या श्वासावर पहारा देण्याचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे. यावरचा उपाय शंभर वर्षं जुना आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. मूल आवडीचं खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा, मग थोडा जवळ, मग आणखी. शेवटी तो मुलगा सशाला कुरवाळू लागला. तंत्र पुष्कळ सुधारलंय, पण गाभा तोच : भीती ज्याची वाटते त्याच्याकडे छोट्या पायऱ्यांनी जायचं.

पायऱ्या तिनेच ठरवाव्यात, तुम्ही लिहून घ्या. प्रत्येक पायरीला शून्य ते दहा असा भीतीचा आकडा तिच्याकडून घ्या, शून्य म्हणजे निवांत आणि दहा म्हणजे असह्य. तुमच्याकडे साधारण असा क्रम होईल. पहिली पायरी, तुमच्या शेजारीच झोपायचं, पण जाग आली तर बोट लावून बघण्याआधी पाच मिनिटं थांबायचं, आकडा तीन. मग पंधरा मिनिटं थांबायचं. मग बोट न लावता फक्त बघायचं. मग तुमच्याच खोलीत वेगळं अंथरूण, हातभर अंतरावर, आकडा पाच. मग ते अंथरूण खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मग तिच्या जागी ती, तुम्ही झोप लागेपर्यंत खुर्चीवर, गप्पा न मारता. मग खुर्ची दारापाशी. मग तुम्ही बाहेर, दार उघडं, दर पाच मिनिटांनी डोकावणं, आकडा सात. मग दर दहा, दर पंधरा मिनिटांनी. मग पूर्ण रात्र. मध्येच उठून आली तर हात धरून परत नेऊन, ‘रात्र आहे, झोपायची वेळ’ एवढंच बोलून निघणं.

आकडा तीन-चार असलेल्या पायरीपासून सुरुवात करा. एक पायरी सलग तीन रात्री जमली की पुढची. रोज सराव हवा. आठवड्यातून एकदा केलेल्या सरावाने हाती काही लागत नाही. एखादी पायरी फारच उंच निघाली तर मागे पळू नका, तिची अर्धी करा. भीती शिगेला असताना, ती रडतेय म्हणून तिथेच सगळं सोडून तिला पुन्हा कुशीत घेऊन झोपलात, तर मेंदू पुन्हा जुनंच शिकतो. त्यापेक्षा ‘अजून दोन मिनिटं इथेच राहू, मग ठरवू’ म्हणणं बरं. आणि प्रत्येक पायरीआधी तिला एक प्रश्न विचारा, ‘काय होईल असं वाटतंय?’ उत्तर लिहून ठेवा. ‘मी बघितलं नाही तर आईचा श्वास थांबेल.’ सकाळी त्याच्यापुढे काय झालं ते तिने स्वतःच्या अक्षरात लिहायचं. ‘आईचा श्वास चालू होता. मला चार वाजता जाग आली, भीती सहा होती, मग झोप लागली.’ अशा पंधरा ओळी साठल्या की त्या तुमच्या हजार समजुतींना भारी पडतात. पायरी जमली की कौतुक नेमकं करा. ‘शहाणी माझी’ यापेक्षा ‘भीती सहा असतानाही तू पंधरा मिनिटं थांबलीस’. भीती वाटली नाही याचं कौतुक नको, भीती वाटत असताना केलं याचं हवं.

शाळेच्या बाबतीत घाई करा, कारण बुडालेला प्रत्येक दिवस पुढचा दिवस जड करतो. ताप, उलटी, जुलाब नसेल तर जायचं, हा नियम आदल्या संध्याकाळी सांगा. सकाळी त्यावर चर्चा नाही. ‘पोट दुखतंय का?’ असं तुम्ही होऊन विचारू नका. तिने सांगितलं तर ‘शिट्टी वाजतेय वाटतं, शाळेत पोचल्यावर थोड्या वेळाने कमी होईल’ एवढं पुरे. निरोप अर्ध्या मिनिटाचा : एक मिठी, ठरलेलं एक वाक्य, आणि मागे वळून न बघता निघणं. फाटकाशी दहा मिनिटं रेंगाळलात तर इथे काहीतरी धोका आहे असं तुमचं अंगच तिला सांगतं. अगदीच अडली तर पूर्ण दिवसाऐवजी पहिले दोन तास जाऊ दे, पण जाऊ दे. दोन दिवसांनी तीन तास. घरी राहिलीच तर तो दिवस रटाळ असू द्या. टीव्ही-मोबाइल बंद, शाळेच्या वेळात शाळेचाच अभ्यास, तुमची खास सोबत नाही. वर्गशिक्षिकांना भेटून ठरवा की तिला त्रास झाला तर वर्गाबाहेर दहा मिनिटं बसून, पाणी पिऊन तिने परत वर्गात यायचं. घरी फोन नाही. दोनदा फोन केल्यावर तुम्ही आलात, म्हणून तिसरा येणार. शिक्षिकांनाही ते एक वाक्य सांगून ठेवा.

श्वासाचा व्यायाम तुम्हाला कुणीतरी सुचवेलच. उपयोगी आहे, पण एरवी शांत असताना रोज पाच मिनिटं सराव केलेला असेल तरच. ऐन घबराटीत पहिल्यांदा शिकवायला गेलात तर काही हाती लागत नाही. पोटावर हात ठेवून नाकाने हळू आत, मनात चार मोजत. मग सावकाश बाहेर, सहा मोजत. बाहेर सोडणं लांब हवं, कारण श्वास सोडताना हृदयाची गती मंदावते. ‘मोठ्ठा श्वास घे’ असं म्हणू नका. भराभर मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, आणि तिला वाटतं आता आपल्यालाच काहीतरी होतंय. झोपेची वेळही ठरावीक ठेवा. या वयाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते. कॅफीन असलेली पेयं बंद ठेवा, ती धडधड वाढवतात.

हे सगळं नेमाने केलं तर तीन-चार आठवड्यांत चिठ्ठ्या आणि आकडे खाली येताना दिसायला हवेत. तुमच्या पत्रावरून आमचं मत असं की त्याआधीच मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेऊन ठेवावी. विरहाची म्हणजे जवळच्या माणसापासून दूर होण्याची भीती मुलांमध्ये चार आठवड्यांहून जास्त टिकून शाळा-झोप बिघडवत असेल तर तिला तज्ज्ञाची नजर लागते, आणि तुमच्याकडे दोन महिने झालेत. यात घाबरण्यासारखं काही नाही. मुलांच्या मानसिक त्रासांपैकी चिंता उपचारांना चांगली दाद देते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात ७ ते १७ वयाची, चिंतेचा विकार असलेली ४८८ मुलं होती. १२ आठवड्यांनी, विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या उपचाराने म्हणजे सीबीटीने शंभरातल्या सुमारे ६० मुलांत ठळक सुधारणा झाली, सर्ट्रालीन या औषधाने ५५, दोन्ही मिळून ८१, आणि नुसत्या बिनऔषधी गोळीने २४. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की मुलाला न भेटता फक्त आईवडिलांना १२ आठवडे शिकवलं, तेही नेमकं हेच, म्हणजे हमी कमी करून विश्वास दाखवायला, तरी फायदा मुलाच्या थेट सीबीटीपेक्षा कमी नव्हता. म्हणून ती दवाखान्यात यायला तयार नसेल तरी तुम्ही दोघं जा. भेटीत विचारा की भीतीला सामोरं जायच्या पायऱ्यांचा सराव करून घेणार का. नुसत्या गप्पा आणि समजुतीवर महिनोन्‌महिने चालणारे उपचार इथे कमी पडतात. औषध हवं की नको हे बालमनोविकारतज्ज्ञ ठरवतील, शेजारच्यांच्या सांगण्यावरून ना सुरू करा ना बंद. आणि ‘मला जगायचंच नाही’, ‘मला आजोबांकडे जायचंय’ असं काही तिच्या तोंडून आलं, तर वेळ मिळण्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि तोवर तिला एकटं ठेवू नका.

एक भेद मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. ‘आई, तुला काही होणार नाही ना?’ हा काळजीचा प्रश्न आहे, त्याला चिठ्ठी लागते. ‘आजोबांना शेवटी दुखलं का?’, ‘त्यांच्या चष्म्याचं काय केलं?’, ‘मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही, त्यांना राग आला असेल का?’ हे दुःखाचे प्रश्न आहेत. ती तेव्हा फारशी रडली नाही असं तुम्ही लिहिलंय. मुलांचं दुःख असं उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनीच येतं, मध्येच खेळता खेळता. हे प्रश्न आले की हातातलं काम ठेवा, तिच्याजवळ बसा आणि ती विचारेल तितक्या वेळा उत्तर द्या. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या. आजोबांचे फोटो काढून बघा, त्यांची एखादी वस्तू तिला ठेवायला द्या. या प्रश्नांना चिठ्ठी लागत नाही, हे तिलाही सांगून ठेवा.